दर पावसाळ्यानंतर पुन्हा तडकणारा व्हिनियरचा डॅशबोर्ड : कारणे, ओळख आणि कायमचा उपाय

जग्वार मार्क २ सारख्या जुन्या ब्रिटिश गाडीचा अक्रोडी डॅशबोर्ड खरवडून नव्याने लॅकर (पारदर्शक चकचकीत लेप) केला, काही महिने तो निर्दोष दिसला आणि पावसाळा उलटल्यावर पुन्हा त्याच जागी तडे, पांढरट डाग आणि कडेला सुटलेले व्हिनियर (वर चिकटवलेला शोभेच्या लाकडाचा पातळ पापुद्रा) दिसू लागले, अशी तक्रार मुंबई-पुण्यातील जुन्या गाड्यांच्या मालकांकडून वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा दोष लॅकरला किंवा पॉलिश करणाऱ्या कारागिराला दिला जातो. मग आधीच्यापेक्षा महाग लॅकर येते, आधीच्यापेक्षा जाड थर चढवले जातात आणि पुढच्या वर्षी तडे आधीच्यापेक्षा रुंद पडतात. एकदाच तडकलेला डॅशबोर्ड चुकीच्या लॅकरमुळे तडकलेला असू शकतो, हे मला मान्य आहे. पण वारंवार त्याच जागी तडकणाऱ्या डॅशबोर्डचे कारण जवळजवळ नेहमी पाटीच्या, म्हणजे डॅशबोर्डच्या लाकडी फळीच्या, मागच्या कोऱ्या लाकडात, मीटरच्या भोकांच्या उघड्या कडांत आणि त्यामागच्या दमट पोकळीत असते. ते कारण दूर न करता पुढून केलेले कोणतेही काम टिकत नाही.

मार्क २ ही गाडी कोव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात १९५९ ते १९६७ या काळात तयार झाली. तिच्या डॅशबोर्डात मधली मीटरची पाटी (ती लाकडी नसून काळ्या आवरणाची असते), चालकापुढची पाटी, हातमोज्यांच्या कप्प्याचे झाकण आणि काचेलगतची वरची पट्टी असे वेगवेगळे भाग आहेत. आत प्लायवूड किंवा घन लाकूड आणि त्यावर मिलिमीटरपेक्षाही पातळ अक्रोडाचे व्हिनियर अशी लाकडी भागांची बांधणी असते. पुढच्या बाजूला लॅकरचे अनेक थर असतात; मागची बाजू मात्र बहुधा कोरी किंवा नावापुरता रंग लावलेली सापडते. डेमलरची २.५ लिटर व्ही८, रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो आणि त्या पिढीतील इतर अनेक गाड्यांना पुढचे विवेचन थोड्याफार फरकाने लागू पडते.

तडे पावसाळ्यात न पडता पावसाळ्यानंतर का पडतात

पावसात लाकूड फुगते, मग तडा त्याच वेळी का पडत नाही आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या हवेतच का दिसतो, हा प्रश्न सुटला की उपायही आपोआप समजतो. लाकूड सभोवतालच्या हवेशी ओलाव्याची सतत देवाणघेवाण करत असते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर त्याचा आर्द्रांश, म्हणजे लाकडातील पाण्याचे प्रमाण, सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ८५ टक्के झाली की तो १७ ते १८ टक्क्यांपर्यंत चढतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवा ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणजे ज्या चढउतारासाठी ही पाटी इंग्लंडमध्ये कधी घडवलीच नव्हती, तो चढउतार ती आपल्याकडे दरवर्षी सोसते.

अमेरिकी काळा अक्रोड पूर्ण ओल्या अवस्थेतून पूर्ण सुकेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आकसतो. या हिशेबाने आर्द्रांशातील ११-१२ टक्क्यांच्या फरकाला २०० मिमी रुंदीचा तुकडा, त्याला मोकळे सोडले तर, सुमारे ६ मिमी हलला असता. व्हिनियर मात्र मोकळे नसते. ते खालच्या प्लायला चिकटलेले असते आणि प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे तो फारच कमी हलतो. त्यामुळे पावसाळ्यात फुगू पाहणाऱ्या व्हिनियरला पसरायला जागा मिळत नाही आणि त्याच्या पेशी आतल्या आत दबून चेपतात. हे चेपणे कायमचे असते. हवा कोरडी झाली की तेच व्हिनियर आकसते, पण आता ते मूळच्यापेक्षाही आखूड होऊ पाहते, कारण त्याच्या पेशी आधीच चेपलेल्या आहेत. खालचा प्लाय त्याला आखूड होऊ देत नाही, ताण वाढत जातो आणि तंतूंच्या दिशेने चीर पडते. वरचे लॅकर जुने आणि ठिसूळ असेल तर ते त्याच रेषेवर फुटते. नवे आणि लवचिक असेल तर एखादा ऋतू तग धरते व पुढच्या वर्षी फुटते. बर, म्हणजे झाडाच्या गाठीतून कापलेले व्हिनियर, याला अधिक बळी पडते, कारण त्यातील तंतूंना एक दिशा नसते आणि ताण सगळीकडून येतो.

आता हा ओलावा शिरतो कुठून ते पाहावे. पुढच्या बाजूला लॅकर असल्याने तिथून ओलावा हळूहळूच जातो. मागची बाजू कोरी असेल तर पाटी प्रामुख्याने मागून ओली होते आणि मागूनच सुकते, म्हणून ती वाकतेही. स्पीडोमीटर, रेव्ह काउंटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) आणि लहान मीटरांसाठी कापलेल्या भोकांच्या कडांना प्लायच्या सगळ्या थरांची टोके उघडी असतात आणि लाकूड टोकाकडून इतर कोणत्याही बाजूपेक्षा कितीतरी वेगाने पाणी ओढते. तडे नेहमी मीटरच्या भोकापासूनच सुरू होऊन बाहेर का धावतात, याचे उत्तर इथे आहे.

आधी निदान करावे

एकदा पॉलिश पेपर हातात घेतला की निदानाचा पुरावा नष्ट होतो, म्हणून पाटी गाडीत असतानाच पुढील गोष्टी तपासाव्यात. तड्यावरून नख फिरवावे. बारीक जाळीसारखे, कोणत्याही दिशेने जाणारे आणि नखाला जेमतेम जाणवणारे तडे केवळ लॅकरचे असतात. ऊन, वय आणि थरांची अवाजवी जाडी ही त्यांची कारणे. तंतूंना समांतर जाणारी, नख अडकणारी चीर मात्र व्हिनियरचीच असते. बोटाच्या पेराने पाटीवर ठिकठिकाणी हलकेच टकटक करावे. जिथे आवाज पोकळ येतो तिथे व्हिनियर खालून सुटलेले आहे, मग ते डोळ्यांना सपाट का दिसेना. मीटरच्या भोवती वर्तुळाकार तडा असेल तर ओलाव्याचा संशय घेण्याआधी मीटर किती आवळून बसवला आहे ते पाहावे. प्रत्येक वेळी लॅकर करताना भोकाच्या आतल्या कडेलाही थर चढतो, भोक किंचित लहान होते आणि मीटर जोर लावून बसवावा लागतो. तो जोर कडेच्या लॅकरला सोसवत नाही.

यानंतरची तपासणी साधी आहे, पण ती जवळजवळ कुणी करत नाही. हवेतील आर्द्रता मोजणारे दोन लहान डिजिटल हायग्रोमीटर आधी एकत्र ठेवून त्यांचे आकडे जुळतात याची खात्री करावी, मग एक गाडीच्या आसनावर आणि दुसरा डॅशबोर्डच्या मागे ठेवून आठवडाभर दोन्हींची नोंद घ्यावी. मार्क २ मध्ये हे सोपे आहे, कारण वरच्या कोपऱ्यांतील दोन स्क्रू सोडले की मधली मीटरची पाटी पुढे झुकून खाली येते. त्याआधी बॅटरीची जोडणी मात्र सोडवावीच. मागचा आकडा सातत्याने आसनावरच्या आकड्यापेक्षा बराच वर राहत असेल, तर डॅशबोर्डच्या मागे पाण्याचा स्वतःचा स्रोत आहे. तो सापडेपर्यंत पॉलिशवर एक रुपयाही खर्च करू नये.

हा स्रोत बहुधा तीनपैकी एक असतो. पहिला म्हणजे पुढच्या काचेचे कडक झालेले रबर, किंवा काचेपुढच्या हवेच्या झडपेचे रबर व तिची तुंबलेली निचऱ्याची नळी. एकाने बाहेरून पाण्याची हलकी धार खालून सुरू करून सावकाश वर न्यावी आणि दुसऱ्याने आत टॉर्च व टिश्यू पेपर घेऊन बसावे. गळतीची जागा हमखास सापडते. दुसरा स्रोत म्हणजे गाडीला घट्ट लपेटणारे प्लॅस्टिकचे आवरण. त्याखाली ओले गालिचे आणि आसनांखालचा नमदा महिनोन्महिने सुकत नाहीत आणि बंद गाडीतील सगळी वाफ लाकडात जाते. श्वास घेणारे कापडी आवरण, काचा बोटभर उघड्या आणि शक्य असल्यास छपराखालची जागा, एवढे पुरते.

तिसरा स्रोत खास आपल्याकडचा आहे आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे : नंतर बसवलेली एसी यंत्रणा. मूळ गाडीत नसलेला एसी डॅशबोर्डखाली बसवताना थंड हवेच्या नळ्या उपलब्ध जागेतून, म्हणजे बरेचदा पाटीच्या मागच्या बाजूला टेकवूनच नेल्या जातात. दमट हवेत त्या नळ्यांवर पाणी साचते आणि ते थेट कोऱ्या प्लायला लागते. त्याच वेळी पाटीची पुढची बाजू काचेतून येणाऱ्या उन्हात तापलेली असते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत तासभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डाचे सरासरी तापमान सुमारे ६९ अंश सेल्सियस आढळले होते. एका बाजूला तापलेले आणि दुसऱ्या बाजूला ओले लाकूड तडकते यात नवल नाही. नळ्यांना बंद पेशींच्या रबरी फोमचे वेष्टन घालावे, त्या पाटीपासून दूर सरकवाव्यात आणि निचऱ्याची नळी मोकळी ठेवावी. काही गाड्यांत एवढ्यानेच तडे वाढायचे थांबतात.

पाटी काढून करावयाचे काम

कामाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच. पावसाळ्यात केलेले काम ओलावा आत कोंडून ठेवते. नायट्रोसेल्युलोज लॅकर दमट हवेत फवारले की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरते आणि लॅकरमध्ये पांढरट धुके अडकते. थिनरमध्ये रिटार्डर (थिनर उडण्याचा वेग कमी करणारा द्रव) मिसळून ते काही प्रमाणात टाळता येते, पण कोरड्या दिवसाची वाट पाहणे हा त्याहून चांगला मार्ग आहे.

प्रत्येक तारेवर चिठ्ठी लावून आणि छायाचित्रे घेऊन मीटर उतरवावेत. ज्या गाड्यांत पाण्याच्या तापमानाचा मीटर केशनलिकेने इंजिनाला जोडलेला असतो, तिथे ती नलिका मुरगळू देऊ नये, कारण ती तुटली तर मीटरच निकामी होतो.

जुने लॅकर कोणते, ते न दिसणाऱ्या जागी ठरवावे. स्पिरिटने विरघळले तर लाख, थिनरने मऊ झाले तर नायट्रोसेल्युलोज, आणि दोन्हींना दाद दिली नाही तर पॉलिएस्टर किंवा दोन घटकांचे पीयू (पॉलियुरेथेन). नायट्रोसेल्युलोज थिनरच्या कापडाने आणि स्क्रेपरने सहज निघते. पॉलिएस्टरचा जाड थर मंद उष्णता देऊन खपल्यांच्या रूपाने काढावा लागतो. परंतु खालचे व्हिनियर सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनच्या गोंदाने, चिकटवलेले असेल तर त्याच उष्णतेने तेही सुटते, म्हणून सरस आहे की नाही ते आधी पाहावे. सुटलेल्या कडेखाली गरम पाण्याचा थेंब सोडून काही मिनिटांनी बोटाला चिकटपणा जाणवला तर तो सरस. मशीनचा सँडर मात्र व्हिनियरला कधीही लावू नये. ते इतके पातळ असते की कडेला क्षणभर जास्त दाब पडला तरी खालचा प्लाय दिसू लागतो, आणि गेलेले व्हिनियर परत येत नाही.

मूळ व्हिनियर शक्य तोवर वाचवावे, असे मी आग्रहाने सांगेन. या डॅशबोर्डातील नक्षी पुस्तकाच्या दोन समोरासमोरच्या पानांसारखी जुळवलेली असते, त्यामुळे एक तुकडा बदलला की शेजारच्या पाट्यांशी आणि कप्प्याच्या झाकणाशी त्याचे नाते तुटते. सुटलेल्या जागी, सरस असेल तर, कोरड्या कापडावरून मंद इस्त्री फिरवून लगेच थंड ठोकळ्याखाली शिकंजा लावावा. सरस जुना व कुजका असेल किंवा मूळ जोड कृत्रिम रेझिनचा असेल, तर फुग्यावर तंतूंच्या दिशेने धारदार पात्याने बारीक चीर देऊन इंजेक्शनच्या सुईने पातळ इपॉक्सी आत सोडावे. संपूर्ण नवे व्हिनियर लावायची वेळ आली तर पांढरा पीव्हीए गोंद टाळावा, कारण तो उन्हाच्या उष्णतेत मऊ होतो आणि व्हिनियर त्यावर हळूहळू सरकते. युरिया फॉर्मल्डिहाइड रेझिन कडक राहते. खालचा प्लाय थरांत फुटला असेल तर तो आयएस ७१० मानकाच्या मरीन प्लायने बदलावा आणि पुढे व्हिनियर लावताना मागेही तेवढ्याच जाडीचे साधे व्हिनियर लावावे. दोन्ही बाजू सारख्या असलेली पाटी वाकत नाही. हा नियम सुतारांना माहीत असतो, पण डॅशबोर्डची मागची बाजू दिसत नाही म्हणून तो पाळला जात नाही.

यानंतर पाटी सुकवावी. घाई होते ती इथेच. पाटी सावलीत, हवेशीर खोलीत उभी ठेवावी आणि स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या डिजिटल वजनकाट्यावर रोज तोलावी. दीड किलोच्या पाटीत एक टक्का ओलावा म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, त्यामुळे बदल स्पष्ट दिसतो. वजन उतरायचे थांबले आणि सलग काही दिवस स्थिर राहिले की पाटी हवेशी समतोल साधून आहे. सुया टोचणारा मॉइश्चर मीटर असेल तर मागच्या बाजूने पुण्यात ८ ते १०, मुंबईत ११ ते १२ टक्के वाचन मिळाल्यावर पुढे जावे. उन्हात ठेवून किंवा ओव्हनमध्ये घालून घाई करू नये. अति सुकवलेली पाटी सीलबंद केली तर पहिल्या पावसाळ्यात ती अधिकच फुगते.

सहाही बाजू बंद करणे

ज्या कामामुळे तडे परत येत नाहीत, ते हे आहे. मागची बाजू, चारही कडा, प्रत्येक मीटरचे भोक आणि प्रत्येक स्क्रूचे छिद्र पातळ इपॉक्सीने संपृक्त करावे. पहिला हात लाकूड पिऊन टाकते, म्हणून तो चिकट असतानाच दुसरा द्यावा. भोकांच्या कडांना तिसराही द्यावा. कोणतेही लेपन बाष्पाला पूर्णपणे अडवत नाही, पण ओलाव्याचा वेग इतका मंदावतो की चार महिन्यांचा पावसाळा संपेपर्यंत लाकडाचा आर्द्रांश टोक गाठत नाही, आणि तेवढेच साधायचे आहे. भोकांचा व्यास इपॉक्सीनंतर मोजावा आणि मीटर हाताने, जोर न लावता बसेल इतका तो गोल पॉलिश पेपरने मोकळा करावा. उघडे पडलेले लाकूड पुन्हा बंद करावे. पाटी गाडीला जोडणारी स्क्रूची छिद्रे किंचित लांबट करावीत, म्हणजे लाकडाला हालचालीला वाव राहतो.

पुढच्या बाजूवर, विशेषतः गाडी वर्षानुवर्षे चकाकी देणाऱ्या स्प्रेने पुसली गेली असेल तर, सिलिकॉन मुरलेले असते आणि नव्या लॅकरमध्ये माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. घासण्याआधी थिनरने, दर वेळी कापड बदलून, अनेकदा पुसावे. मग मेण काढलेल्या चपडा लाखेचा एक पातळ हात द्यावा. तो सिलिकॉनला वर येऊ देत नाही आणि वरच्या लॅकरला धरूनही ठेवतो. मेणयुक्त लाख मात्र पीयूला धरत नाही. अक्रोड उन्हात गडद न होता फिका पडतो, त्यामुळे क्रोमच्या कड्यांखालील भाग आजूबाजूपेक्षा काळसर राहिलेला असतो. ही गोलाकार छटा स्टेनने (लाकूड रंगवणाऱ्या द्रवाने) जुळवून घ्यावी.

वरच्या थराची निवड करताना लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात. माझ्या मते हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. मूळ रूप जपायचे असेल तर नायट्रोसेल्युलोज वापरावे, परंतु सुकल्यानंतरची एकूण जाडी ०.१ मिमीच्या आत ठेवावी, कारण त्याहून जाड थर स्वतःच्याच ताणाने तडकतो. रोज वापरात असलेल्या, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी अतिनील किरण शोषणारे, दोन घटकांचे लवचिक पीयू अधिक योग्य ठरते. त्यातील आयसोसायनेट श्वासातून जाणे घातक असते; कापडी किंवा धुळीचा मुखवटा तिथे निरुपयोगी आहे, म्हणून ते काम बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या फवारणी-कक्षातच करून घ्यावे. फर्निचरचे मेलामाइन सुंदर चमकते, पण ठिसूळ असल्याने ते इथे सुचवत नाही. खोल चकाकी थरांच्या संख्येने न आणता अक्रोडाची छिद्रे ग्रेन फिलरने नीट भरून आणि प्रत्येक थर सपाट घासून आणावी. शेवटच्या थरानंतर पाटी तीन-चार आठवडे तशीच ठेवून मगच बारीक पेपर व पॉलिशिंग कंपाउंडने चमकवावी, म्हणजे लॅकर छिद्रांत बसून पुन्हा रेषा उमटत नाहीत.

बसवताना मीटरच्या मागच्या पट्ट्यांचे नट बोटाने आवळून वर फक्त पाव वळसा द्यावा आणि क्रोमच्या कड्याखाली पातळ रबरी वॉशर घालावा. हायग्रोमीटर डॅशबोर्डच्या मागे तसाच राहू द्यावा. पुढच्या जुलैत त्याचा आकडा आसनावरच्या आकड्याच्या आसपास असेल तर काही करण्याची गरज नाही. तो पुन्हा वर चढू लागला असेल, तर काचेच्या रबरापासून तपासणी नव्याने सुरू करावी, आणि ती तडा दिसण्याआधीच करावी.